जुनं नेटबुक, रास्पबेरी पाय आणि लिनक्सवर मड खेळण्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर?

गिरणाकाठचा, चाळीसगाव
शनिवार, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. प्रश्न तीन यंत्रांचा आहे आणि तीन माणसांचाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मड खेळणारा माणूस. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : मड म्हणजे नुसत्या शब्दांवर चालणारा ऑनलाइन खेळ, एकाच वेळी अनेकांनी खेळायचा. त्यात चित्र नसतं. पडद्यावर 'तुम्ही एका जुन्या पुलावर उभे आहात, उत्तरेला गावाची वेस दिसते' अशा ओळी येतात, आपण 'उत्तर' असं टंकायचं की पुढची जागा समोर येते. तिथे दुसरा एखादा खेळाडू आधीच उभा असतो, त्याच्याशी बोलता येतं, लढता येतं, सोबत जाता येतं.

जळगावला कॉलेजात असताना, २००३-०४ च्या सुमारास, मी आणि माझा खोलीमित्र नेट कॅफेत तासाचे पैसे मोजून हे खेळायचो. विंडोजची टेलनेटची, म्हणजे दूरच्या संगणकाशी जोडून देणारी, काळी खिडकी, बाकी काही नाही. मित्र दृष्टिहीन आहे. मी हळू आवाजात वाचायचो, कुठे वळायचं ते तो ठरवायचा. सगळा नकाशा त्याच्या डोक्यात असे. मी चार वळणांनंतर गोंधळायचो, तो तीस खोल्यांमागची विहीर बरोबर सांगायचा.

आता तो शहाद्याला आहे, मी इथे. मधे वीस वर्षं गेली. माझा भाचा नववीत आहे, त्याला ही गोष्ट सांगितली तर म्हणाला, "मामा, आपण तिघं खेळू." तेव्हापासून मी सॉफ्टवेअर शोधतोय.

यंत्रं अशी आहेत :

भाच्याकडे रास्पबेरी पाय ४००, म्हणजे कळफलकातच बसवलेला संगणक, ४ जीबी रॅम.

माझ्याकडे एक जुनं नेटबुक. ॲटम एन २७० प्रोसेसर, १ जीबी रॅम, पडदा १०२४ बाय ६००. विंडोज एक्सपी काढून टाकलं आहे.

मित्राकडे बऱ्यापैकी ६४-बिट लॅपटॉप आहे, पण विंडोज ११ त्यावर चढत नाही. विंडोज १० ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली तेव्हा त्याने लिनक्स घेतलं. ओर्का हा पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतो.

मी करून पाहिलेलं : मडलेट हे मड खेळायचं सॉफ्टवेअर उतरवून पायवर चालवायला गेलो, ही फाइल चालवता येत नाही असा संदेश आला. मग वाइन घालून मशक्लायंट हे विंडोजचं तसंच सॉफ्टवेअर चालवायचा प्रयत्न केला, तोही फसला. नेटबुकवर मडलेट सुरूच झालं नाही. नुसत्या टेलनेटने जोडलं जातं, पण मी टंकत असताना समोरून मजकूर आला की माझी ओळ त्यात मिसळून जाते आणि काय लिहिलं ते कळत नाही.

कोणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा.


यार्डातला, भुसावळ
शनिवार, रात्री ११:३०

भाऊ, धागा बघून फार आनंद झाला. आपल्या भागात मड खेळणारं कोणी असेल असं वाटलं नव्हतं. मी रात्रपाळीच्या मधल्या वेळात दहा-बारा वर्षं खेळतोय.

तुमच्या तिन्ही अडचणींचं मूळ प्रोसेसरमध्ये आहे. मडलेटची लिनक्ससाठी जी तयार फाइल मिळते ती ६४-बिट इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठी बांधलेली असते. पाय ४०० चा प्रोसेसर एआरएम जातीचा, त्याला ती भाषाच समजत नाही. नेटबुकचा एन २७० इंटेलचा आहे, पण तो ३२-बिट, म्हणून तिथेही नाही. वाइनचं म्हणाल तर ते विंडोजच्या हाका लिनक्सला समजावून सांगतं, एका प्रोसेसरच्या सूचना दुसऱ्याच्या भाषेत नेत नाही. मशक्लायंट इंटेलसाठी बांधलेलं आहे, म्हणून पायवर नुसत्या वाइनने ते चालायचं नाही. तुमचं काही चुकलेलं नाही.

उपाय : टिनटिन प्लस प्लस. १९९० च्या दशकापासून चालत आलेलं आहे आणि अजून त्यावर काम होतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत चालतं, सी भाषेत आहे, त्यामुळे जिथे सी कंपाइल होतं तिथे ते बसतं. डेबियन या लिनक्सच्या भांडारात तयार मिळतं, आणि डेबियनवाले तेच पॅकेज एआरएम, ३२-बिट, ६४-बिट अशा सगळ्यांसाठी बांधतात. रास्पबेरी पाय ओएस डेबियनवरच उभी आहे, म्हणजे भाच्याला एका ओळीत बसवता येईल.

नेटबुकसाठी आधी ऑपरेटिंग सिस्टिम ठरवा. उबुंटूने ३२-बिट कधीच सोडलं. डेबियन १२ पर्यंत ३२-बिट यंत्रावर नव्याने बसवता येत होतं, डेबियन १३ मध्ये तो इन्स्टॉलरच नाही. मी तुमच्या जागी असतो तर अँटीएक्सची ३२-बिट आवृत्ती घेतली असती. डेबियनवरच आधारित आहे आणि १ जीबीत मोकळेपणाने फिरते.

आता वापर. आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टंकताना रोमन अक्षरं वापरायची. टिनटिनची प्रत्येक आज्ञा हॅश चिन्हाने सुरू होते.

'हॅश स्प्लिट' आधी द्या. पडद्याचे दोन भाग होतात, वर खेळाचा मजकूर वाहतो, खाली तुमची ओळ शाबूत राहते. टेलनेटमध्ये ओळ मिसळण्याचा जो त्रास तुम्ही लिहिलात तो इथे संपतो.

'हॅश सेशन', मग आपण ठेवलेलं नाव, सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट. एवढ्याने खेळ जोडला जातो.

'हॅश ॲक्शन' म्हणजे ट्रिगर. समोरून अमुक ओळ आली की तमुक आज्ञा आपोआप जावी. 'हॅश एलियस' म्हणजे लांब आज्ञेला छोटं नाव. हे सगळं 'हॅश राइट' करून फाइलमध्ये साठवायचं आणि पुढच्या वेळी 'हॅश रीड' करायचं. साठवायला विसरू नका, मी एकदा दोन महिन्यांचे ट्रिगर घालवले आहेत.

'हॅश मॅप' पण आहे, चालत जाल तसा अक्षरांतून नकाशा काढत जातो. तुमच्या मित्राला त्याची गरज पडेल असं वाटत नाही.

अगदी खिडक्या आणि मेनू हवे असतील तर पायवर किल्डक्लायंट बघा. जीटीके वापरतं, स्क्रिप्ट पर्लमध्ये, डेबियनच्या भांडारात आहे.


तापीची_लेक, चोपडा
रविवार, सकाळी ८:१५

धागा वाचतेय. मी शिक्षिका आहे, खेळातलं काही कळत नाही. पण नववीतला मुलगा स्वतःहून वाचायला आणि टंकायला बसणार असेल तर मला यात रस आहे. हे खेळ इतके जुने आहेत का? आणि अजून चालू कसे?


गिरणाकाठचा
रविवार, सकाळी ९:०५

ताई, खूप जुने. पहिला मड १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने सुरू केला, पुढे रिचर्ड बार्टलने तो वाढवला. डेक कंपनीच्या पीडीपी-१० नावाच्या मोठ्या संगणकावर तो चालायचा. मग १९८७ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथला ॲलन कॉक्सने ॲबरमड लिहिला. हेच कॉक्स पुढे लिनक्स कर्नलच्या मोठ्या कामासाठी ओळखले गेले. १९८९ मध्ये स्वीडनच्या लार्स पेन्शोचा एलपीमड, १९९१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा डिकूमड. आज जे मड चालू आहेत त्यांतले बरेच या शेवटच्या दोन घराण्यांतले. फिनलंडचा बॅटमड १९९० पासून आहे, आर्डवुल्फ १९९६ पासून.

टिकले याचं कारण मला तरी असं वाटतं की यात जुनं होण्यासारखं काही नसतं. चित्र दहा वर्षांत जुनं दिसतं, 'पुलाखाली पाणी चढलं आहे' हे वाक्य दिसत नाही. शिवाय चालवायला खर्च कमी. टेलनेटचा नियम १९८३ चा आहे आणि आजही तोच पुरतो.

यार्डातलाभाऊ, फार आभार. आज अँटीएक्स उतरवायला लावतो.


संगणक_वेडा, अमळनेर
रविवार, दुपारी १२:४०

टेक्स्ट गेमसाठी फ्रॉट्झ आहे की. रास्पबेरी पायवर एकदम मस्त चालतं. मी झॉर्क त्यावरच पूर्ण केला.


यार्डातला
रविवार, दुपारी १:१०

फ्रॉट्झ उत्तम आहे, पण ते एकट्याने खेळायच्या कथा-खेळांसाठी. गोष्टीची फाइल आपल्या यंत्रात असते, फ्रॉट्झ ती चालवतं. मडमध्ये जग दूरच्या सर्व्हरवर असतं आणि आपलं सॉफ्टवेअर फक्त दुवा. म्हणून त्याला क्लायंट म्हणतात.

अमळनेर वाचून आठवलं. विप्रोची सुरुवात १९४५ साली तुमच्याच गावात तेलाच्या कारखान्यापासून झाली आणि १९८० च्या दशकात तीच कंपनी संगणक बनवू लागली. अमळनेरच्या माणसाने पायवर झॉर्क पूर्ण केला हे वाचून म्हणूनच छान वाटलं.


लळिंगकर, धुळे
रविवार, रात्री १०:२०

माझ्याकडे आणखी वेगळं यंत्र आहे, म्हणून लिहितो. ॲपलचं आयबुक जी४, प्रोसेसर पॉवरपीसी, मॅक ओएस एक्स १०.४. माझ्या थोरल्या भावाचं होतं. तो गेल्यावर ते मी जपून ठेवलंय आणि रोज तासभर तरी लावतो.

पॉवरपीसीसाठी नवं काही येत नाही. डेबियननेही २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून हा प्रोसेसर अधिकृत यादीतून काढला. पण मडसाठी अजून चालतं. जुन्या मॅकमध्ये टेलनेट आधीपासून असतं (नव्या मॅकमधून ते २०१७ च्या हाय सिएरापासून काढलं आहे). त्याच्यावर मी टायनीफ्यूग कंपाइल केलं. केन कीज यांचं सॉफ्टवेअर, शेवटची आवृत्ती ५.० बीटा ८, साल २००७. म्हणजे जवळपास या यंत्राच्याच वयाचं, त्यामुळे दोघांचं जमतं.

टायनीफ्यूगची गोडी वेगळी आहे. एका वेळी अनेक जगांत राहता येतं, एका कळीने इकडून तिकडे. मजकूर दाबून पाठवायची एमसीसीपी पद्धत त्याला येते, त्यामुळे कमकुवत नेटवरही वेग राहतो. पण दोन उणिवा आहेत. जीएमसीपी, म्हणजे खेळ आपल्या जिवाची-जादूची आकडेवारी पडद्यामागून वेगळी पाठवतो ती सोय, मूळ टायनीफ्यूगमध्ये चालत नाही. आणि युनिकोड येत नाही. देवनागरी आली की नुसता कचरा दिसतो. ज्यांचं यंत्र नवं आहे त्यांनी टायनीफ्यूग रिबर्थ ही पुढे नेलेली आवृत्ती बघावी, त्यात युनिकोड आणि सुरक्षित जोडणी दोन्ही आहेत.

सुरक्षित जोडणीवरून एक महत्त्वाचं. साध्या टेलनेटमध्ये पासवर्ड उघडा जातो, वाटेतला कोणीही वाचू शकतो. मडचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. ज्या खेळाने टीएलएसचं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं पोर्ट दिलं असेल तिथे टिनटिनमध्ये 'हॅश सेशन'ऐवजी 'हॅश एसएसएल' द्या. भाच्याला पहिल्या दिवशी हे सांगा.


केळीबाग, रावेर
सोमवार, सकाळी ७:०२

वाचनखूण साठवली. आमच्याकडे नेट दर दहा मिनिटांनी तुटतं आणि उन्हाळ्यात वीजही जाते. मडमध्ये लढाई चालू असताना जोडणी गेली तर आपला माणूस मरतो ना? मळ्यातून मोबाइलवर खेळता येईल का?


यार्डातला
सोमवार, दुपारी ३:३५

मरू शकतो, नियम खेळाखेळात वेगळा. पण यावर पक्का उपाय आहे आणि मी स्वतः तोच वापरतो.

दोन वेगळे त्रास आहेत, त्यांची गल्लत होते. पहिला, आपण गप्प बसलो की जोडणी तुटते. मोबाइल नेटवर हजारो ग्राहक एका पत्त्यामागे बसवलेले असतात, आणि काही मिनिटं एखाद्या जोडणीतून काहीच गेलं नाही तर मधलं यंत्र ती विसरतं. टिनटिनमध्ये 'हॅश टिकर' लावून दर मिनिटाला रिकामी ओळ पाठवली की हे थांबतं. मात्र खेळाचे नियम वाचून घ्या. खुर्चीवर नसताना ट्रिगरने माणूस खेळवत ठेवणं बऱ्याच मडमध्ये मना आहे आणि त्यासाठी खातं बंद करतात. ते योग्यच आहे, समोर खरी माणसं खेळत असतात.

दुसरा त्रास, नेट खरंच जातं. इथे पाय कामाला येतो. घरातला पाय ब्रॉडबँडला जोडून ठेवा. त्यावर टीमक्स चालवा आणि टीमक्सच्या आत टिनटिन. टीमक्स म्हणजे असा टर्मिनल की तुम्ही उठून गेलात तरी आतलं काम चालू राहतं. मग फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप घ्या (एफ-ड्रॉइडवरून) आणि त्यातून एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षित शिरायच्या रीतीने, पायवर शिरा. फोनची जोडणी तुटली तरी पाय खेळाला धरून आहे, परत आलात की जिथे सोडलं तिथेच. एसएसएचऐवजी मॉश वापरलंत तर परत शिरायचीही गरज नाही, नेट आलं की आपोआप जुळतं.

हे घरच्या वायफायवर सरळ होतं. बाहेरून, म्हणजे मळ्यातून घरच्या पायपर्यंत यायचं तर तुमच्या ब्रॉडबँडला स्वतःचा पत्ता लागतो आणि तो बहुतेकांना मिळत नाही. मग टेलस्केल बसवा, ते फोन आणि पाय यांच्यात खासगी रस्ता काढून देतं.

विजेचं म्हणाल तर पाय चार-पाच वॅटवर चालतो. राउटर आणि पाय दोन्ही छोट्या इन्व्हर्टरवर रात्रभर सहज निघतात.

पायची खटपट नको असेल तर टर्मक्समध्ये थेट टिनटिन बसतं. अँड्रॉइडच्या टर्मक्समध्ये मी ते वापरलंय, फक्त काचेवर टंकून लढाई जिंकणं कठीण जातं. लांब लढाईत उतरायचं तर छोटा ब्लूटूथ कळफलक घ्या.


कान_देऊन, अमळनेर
सोमवार, रात्री ९:४४

गिरणाकाठचा, तुमच्या मित्राबद्दल वाचलं आणि लिहायलाच हवं असं वाटलं. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे आणि गेली आठ वर्षं मड खेळतो. आमच्यापैकी पुष्कळ जण खेळतात. याचं कारण उघड आहे : इथे दिसणाऱ्याला जेवढी माहिती मिळते तेवढीच आम्हाला मिळते, एक ओळही कमी नाही. दुसऱ्या कोणत्या ऑनलाइन खेळाबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

विंडोजवर बहुतेक दृष्टिहीन खेळाडू मशक्लायंट आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतात. ते लिनक्सवर वाइनमधून चालवू नका. सुरू होईल, पण ओर्काला त्या खिडकीत काय आहे ते कळतच नाही. मित्र मुक्या पडद्यासमोर बसेल.

त्यांच्यासाठी माझी पहिली शिफारस ब्लाइटमड. टर्मिनलमध्ये चालतं, रस्ट भाषेत लिहिलंय, स्क्रिप्ट लुआत. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी त्यात वेगळी रीत आहे आणि बोलायची सोय आतच आहे. ओर्का आणि ब्लाइटमड दोघं एकदम बोलू लागले तर एकाला गप्प करा.

टिनटिनही चालतं, पण यार्डातला यांनी सांगितलेलं 'हॅश स्प्लिट' त्यांनी देऊ नये. दोन भाग केलेला पडदा सतत पुन्हा रंगवला जातो आणि रीडर जुन्याच ओळी परत वाचतो. स्प्लिटशिवाय ठेवा आणि 'हॅश कॉन्फिग' मध्ये स्क्रीन रीडर चालू करा. ही सेटिंग केली की ज्या सर्व्हरला समजतं त्याला कळवलं जातं, आणि तो सजावटीच्या रेघा आणि अक्षरांची चित्रं कमी पाठवतो.

मग खरं काम सुरू होतं, ते म्हणजे मजकूर छाटण्याचं. लढाईत सेकंदाला सहा ओळी येतात. डोळा त्यावरून घसरतो, कान घसरू शकत नाही, त्याला प्रत्येक शब्द ऐकावा लागतो. म्हणून 'हॅश गॅग' लावून निरुपयोगी ओळी बंद करायच्या आणि 'हॅश सबस्टिट्यूट' लावून लांब ओळी छोट्या करायच्या. 'तुमच्या तलवारीचा जोरदार प्रहार शत्रूच्या खांद्यावर बसतो' याचं मी 'लागला' एवढंच केलंय. त्याहून चांगलं म्हणजे आवाज. ट्रिगरने 'हॅश सिस्टम' आज्ञेतून छोटी ध्वनिफाइल वाजवायची. माझ्याकडे आपली जखम वाढली की तबल्याचा एक बोल वाजतो, कोणी हाक मारली की सायकलची घंटी.

ही छाटणी मित्रासोबत बसून करा. दिसणारा माणूस ज्याला निरुपयोगी म्हणतो ते कधी कधी आम्हाला हवं असतं. मला पावसाची ओळ हवी असते.


तापीची_लेक
मंगळवार, सकाळी ६:५०

कान_देऊन, तुमचा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. मनापासून धन्यवाद.

आता माझा प्रश्न. हे सगळं इंग्रजीत. मराठीत, किंवा आपल्या अहिराणीत असं जग का नाही? मुलांना इंग्रजीचा सराव होईल हे खरं, पण आमच्या वर्गातली निम्मी मुलं घरी अहिराणी बोलतात, त्यांच्या भाषेत पडद्यावर 'म्होरे पाटणादेवीनं मंदिर शे' असं आलं तर?


लळिंगकर
मंगळवार, रात्री ८:३०

ताई, करता येईल आणि वाटतं तेवढं अवघड नाही. मी याच्यावर वर्षभर धडपडतोय, म्हणून जिथे ठेच लागली ते सांगतो.

सर्व्हरसाठी इव्हेनिया घ्या. पायथॉनमध्ये आहे, मोफत आहे, मुक्त आहे, युनिकोड पहिल्यापासून येतं. पाय ४०० वर आरामात चालतं. बसवल्यावर टेलनेटसाठी ४००० आणि ब्राउझरसाठी ४००१ हे पोर्ट आपोआप मिळतात. खेळातूनच 'डिग' म्हटलं की नवी खोली, 'डेस्क' (डिस्क्रिप्शनचं छोटं रूप) म्हटलं की तिचं वर्णन. मुलांना प्रोग्रॅमिंग न येता जग बांधता येतं.

पहिली ठेच : टर्मिनल. टर्मिनल प्रत्येक अक्षराला एक चौकट देतं, ही इंग्रजीची सोय. आपल्यात 'कि' लिहिताना वेलांटी साठवली जाते क नंतर आणि दिसते क च्या आधी, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. हे ज्या टर्मिनलला जमत नाही तिथे 'किल्ला' वाचताच येत नाही. साध्या एक्सटर्ममध्ये नाहीच जमत. केडीईचं कॉन्सोल बरं दाखवतं, एमएलटर्म तर अनेक भाषांच्या लिप्या डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलंय, आणि ते हलकं आहे, म्हणजे नेटबुकवरही चालेल. पण शाळेत करायचं तर मी म्हणेन टर्मिनल सोडा आणि इव्हेनियाचा ब्राउझरमधला क्लायंट वापरा. ब्राउझरला देवनागरी पूर्ण येते, मुलांच्या यंत्रांवर काही बसवावं लागत नाही.

दुसरी ठेच मला महिनाभर कळली नव्हती. मी खेळाडूने टंकलेल्या ओळीतून शब्द वेगळे करायला पायथॉनचं नेहमीचं नमुना-शोधाचं साधन वापरलं. त्यात 'अक्षर' म्हणजे काय याची जी व्याख्या आहे तिच्यात काना, मात्रा, वेलांटी बसत नाहीत. 'विहीर' लिहिलं की त्याचे तुकडे व्हायचे आणि खेळ म्हणायचा अशी वस्तू नाही. नमुन्याने शब्द ओळखू नका, सरळ मोकळ्या जागेवर तोडा. एवढ्याने काम झालं.

तिसरं म्हणजे एकच शब्द दोन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो, विशेषतः नुक्ता असलेली अक्षरं. आत घेतानाच एका रूपात आणून ठेवा.

आज्ञा अहिराणीत ठेवायला अडचण नाही. 'अठे' टंकलं की आजूबाजूचं वर्णन, 'मांगे' टंकलं की परत. माझ्याकडे खोली बदलली की खेळ विचारतो, 'कथा जावानं?', म्हणजे कुठे जायचं?


कान_देऊन
मंगळवार, रात्री ९:१५

लळिंगकर, मराठी ऐकायचं तर ईस्पीक एनजीमध्ये मराठी आवाज आहे, लिनक्सवर ओर्काला जोडता येतो. उच्चार यंत्राचे वाटतात पण शब्द कळतात. अहिराणी तो मराठीसारखीच वाचेल. 'शे' बरोबर म्हणतो, मी आत्ताच ऐकून बघितलं.


केळीबाग
मंगळवार, रात्री ९:४०

पायवर टीमक्स चालू झालं. काल दोनदा नेट गेलं, माणूस जिवंत आहे. यार्डातलाभाऊ, रावेरला आलात की केळी न घेता जाऊ देणार नाही.


गिरणाकाठचा
पुढचा रविवार, रात्री ११:१०

आठवडाभर लिहिता आलं नाही, कापसाची धावपळ होती. काय झालं ते सांगतो.

नेटबुकवर अँटीएक्स आणि टिनटिन. चालू केल्यावर पाऊण जीबी रॅम मोकळी दिसते. पंख्याचा आवाजसुद्धा येत नाही.

भाच्याने पायवर आधी किल्डक्लायंट घेतलं, दोन दिवसांनी स्वतःच टिनटिनकडे गेला. पाय ४०० ला उजवीकडचे अंक नसतात, आणि त्याला दिशांसाठी ते हवे होते, म्हणून बाहेरचा छोटा अंकफलक यूएसबीला जोडून 'हॅश मॅक्रो'ने आठाला उत्तर, दोनाला दक्षिण असं बसवलंय. पासवर्डचं पहिल्या दिवशीच सांगितलं.

मित्राकडे ब्लाइटमड. छाटणी आम्ही फोनवर दोन रात्री बसून केली. कान_देऊन, तुम्ही म्हणालात तसंच झालं. मी दुकानांच्या पाट्या काढून टाकायला निघालो होतो, तो म्हणाला, राहू दे, पाट्यांवरूनच मला रस्ता कळतो.

शुक्रवारी रात्री तिघं पहिल्यांदा एका खोलीत उभे राहिलो. वीस वर्षांनी.

आणि लळिंगकर, भाच्याने इव्हेनिया बसवलं. टेलस्केलवरून मित्र शहाद्याहून त्यात आला. पहिली जागा पाटणादेवी, कारण ती आमच्या घराजवळ. त्याने मंदिर लिहिलं, आणि तिथल्या शिलालेखाचीही खोली केली, जो भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, इसवी सन १२०७ मध्ये आजोबांचे ग्रंथ शिकवायला काढलेल्या मठाबद्दल आहे. मग केदारकुंडाची वाट. त्याने लिहिलं होतं, 'समोर धबधबा दिसतो.'

मित्र तिथे थांबला आणि त्याने टंकलं, "तिथे पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं. वाटेत तीन वळणं आहेत, प्रत्येक वळणाला आवाज वाढव. आणि पहिल्या वळणाला गार वारा तोंडावर येतो, तो घाल." कॉलेजात असताना आम्ही एकदा तिथे गेलो होतो. मला वळणं आठवत नव्हती.

भाच्याने तेव्हाच एका खोलीच्या तीन केल्या. तिसऱ्या खोलीपर्यंत धबधब्याचा शब्द येत नाही.

तापीची_लेक, तुमच्या वर्गातल्या मुलांकडून अहिराणी वर्णनं मिळतील का? भाच्याला 'धबधबा' अहिराणीत काय म्हणतात ते हवंय, आणि आमच्या घरात तिघांनी तीन शब्द सांगितले.


तापीची_लेक
सोमवार, सकाळी ७:२०

उद्या वर्गात विचारते. आज्यांनाही विचारून या म्हणून सांगते.